छत्तीस महिन्यांचे गद्य : प्रोस्टेट कर्करोगाच्या काही चाचणी-निबंधांचे वाचन

या लेखात ज्या गद्यप्रकाराचा विचार केला आहे, त्याची समीक्षा करावी असे साहित्याच्या विद्यार्थ्याला सहसा वाटत नाही. आठ-दहा पानांचा मजकूर, दोन-तीन तक्ते, दोन आलेख आणि शीर्षकाखाली पंधरा-वीस लेखकांची नावे. वैद्यकीय नियतकालिकांत छापून येणारा हा चाचणी-निबंध डॉक्टर वाचतात, तेही बहुधा सारांशापुरताच. मी तो पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचू लागलो ते हौसेने नव्हे. दोन वर्षांपूर्वीच्या श्रावणात माझ्या रक्तातला पीएसए ३४ निघाला, बायॉप्सीत ग्लीसन ८ आला, हाडांत काही पसरलेले नाही असे स्कॅनने सांगितले. वय एकोणसत्तर. पस्तीस वर्षे महाविद्यालयात मराठी शिकवून निवृत्त झालेला माणूस एका संध्याकाळी ‘हाय रिस्क’ या दोन शब्दांत मावला.

ज्या रुग्णालयात मी गेलो ते मोठे होते, स्वच्छ होते आणि डॉक्टरही सज्जन होते. बाहेर चाळीस माणसे बसलेली. त्यांनी सांगितले, “तीन वर्षं इंजेक्शन, मध्ये पाच आठवडे लाईट.” (रेडिएशनला आपल्याकडे सर्रास लाईट म्हणतात; माझ्या मावसभावाने फोनवर ‘शेक कधीपासून?’ असे विचारले.) मी विचारले, “त्रास काय होईल?” ते म्हणाले, “थोडा थकवा येईल.” २०१६ साली माझ्या हृदयात स्टेंट बसवलेला आहे. ही गोष्ट फायलीत होती, संभाषणात आली नाही. त्या ‘थोडा’ या शब्दाबद्दल माझी तक्रार आहे आणि या लेखाचा उगम तिथे आहे. तीन वर्षे हा आकडा कुठून आला, तो कोणी आणि कुणाच्या देहावर ठरवला, आणि ‘थोडा’ हे विशेषण मूळ मजकुरात आहे की नाही, एवढेच मला पाहायचे होते. मुलीने निबंध मिळवून छापून दिले. मी समासात पेन्सिलीने टिपा काढत बसलो, पेपर तपासल्यासारखा.

आधी थोडा इतिहास. प्रोस्टेट ग्रंथीचा कर्करोग पुरुषी संप्रेरकावर, म्हणजे टेस्टोस्टेरॉनवर, पोसला जातो हे शिकागो विद्यापीठातल्या चार्ल्स हगिन्स आणि क्लॅरन्स हॉजेस यांनी १९४१ साली दाखवले. वृषणे काढून टाकली किंवा स्त्री-संप्रेरक दिले की रक्तातले एक विकर, अ‍ॅसिड फॉस्फटेज, उतरते आणि माणसाचे हाडांचे दुखणे थांबते. अंथरुणाला खिळलेली माणसे उठून बसली. हगिन्सना १९६६ साली नोबेल मिळाले. त्या निबंधात तुलनेसाठी दुसरा गट नाही. आजार मुळात असा की उपचाराचा परिणाम डोळ्यांना दिसत होता, आणि जे डोळ्यांना दिसते त्याला साक्षीदार कशाला, असा तो काळ.

साक्षीदार लागतो, हे पुढच्या पिढीने शिकवले. अमेरिकेतल्या निवृत्त सैनिकांच्या रुग्णालयांनी १९६० साली एक मोठी तुलनात्मक चाचणी सुरू केली. कुणाची वृषणे काढली, कुणाला डाएथिलस्टिलबेस्ट्रॉल या कृत्रिम स्त्री-संप्रेरकाची रोज ५ मिलिग्रॅमची गोळी दिली, कुणाला नुसती रिकामी गोळी. गोळी घेणारे कर्करोगाने कमी मेले. पण ते हृदयविकाराने आणि रक्ताच्या गुठळ्यांनी इतके जास्त मेले की बेरीज करता नफा उरला नाही. या गद्यप्रकारातले माझ्या मते सर्वांत महत्त्वाचे वळण हेच आहे. तोवर कथेचा शेवट ‘रोग हटला’ असा होत असे. या चाचणीने विचारले की माणूस जिवंत आहे का? कर्करोगाने न मेलेला माणूस मेलेलाच असू शकतो, हे वाक्य विनोदी वाटते. पण ते तक्त्यात मांडायला वैद्यकशास्त्राला १९६० साल उजाडावे लागले.

आता ज्या निबंधाने माझे तीन वर्षे ठरवले, त्याकडे येतो. फ्रान्समधल्या ग्रनोबलचे मिशेल बोल्ला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी युरोपीय कर्करोग संशोधन व उपचार संघटनेसाठी १९८७ ते १९९५ या काळात ४१५ पुरुषांना चाचणीत घेतले. आजार ग्रंथीबाहेर स्थानिक पातळीवर पसरलेला किंवा पेशी अत्यंत आक्रमक. एका गटाला फक्त रेडिएशन. दुसऱ्याला रेडिएशन आणि त्याच दिवसापासून तीन वर्षे गोसेरेलिन. हे इंजेक्शन मेंदूतल्या पिट्युटरी ग्रंथीला फसवते. आधी तिला भरमसाट चिथावून नंतर गप्प करते, आणि वृषणे टेस्टोस्टेरॉन बनवायचे थांबतात. अंग तेच राहते, कारखाना बंद. १९९७ साली निकाल छापून आला. पाच वर्षांनी फक्त रेडिएशनच्या गटातले ६२ टक्के जिवंत होते, दोन्ही उपचारांच्या गटातले ७९ टक्के. दहा वर्षांनी पुन्हा मोजले तेव्हा ३९.८ आणि ५८.१.

पहिल्या वाचनात मी या निबंधावर खूप शेरे मारले. पुरुष ‘विभागण्यात आले’, इंजेक्शन ‘देण्यात आले’, मृत्यू ‘नोंदवण्यात आले’. सगळीकडे कर्मणी प्रयोग, कर्ता कुठेच नाही. निवेदक सर्वज्ञ आणि अदृश्य. चारशे पंधरा माणसे, पण एकाचेही वाक्य नाही. साहित्याच्या माणसाला अशा निवेदकाचा संशय घ्यायची सवय असते. मी तो घेतला आणि स्वतःवर खूश झालो. दुसऱ्या वाचनात लाज वाटली. कर्ता काढून टाकणे ही इथे लपवाछपवी नाही, तो या गद्याचा नियमच आहे. कोणता पुरुष कोणत्या गटात जाणार हे कुणाही माणसाच्या मर्जीवर राहू नये, म्हणून चिठ्ठी. तरणाताठा रुग्ण दिसला की डॉक्टर त्याला नवा उपचार देणार आणि खचलेल्याला जुना; मग नवा उपचार जिंकणारच. आमच्या कोकणात देवाला कौल लावतात, मूर्तीला चिकटवलेली फुले-पाकळ्या उजवीकडून पडते की डावीकडून ते पाहतात. कौलात देवाला उत्तर ठाऊक असते अशी श्रद्धा असते. इथल्या चिठ्ठीची सगळी ताकद तिला काहीच ठाऊक नसण्यात आहे. ज्या वाक्यात कर्ता नाही म्हणून मी हिणवत होतो, त्या वाक्यात कर्ता आला असता तर निबंध खोटा ठरला असता.

आणि ६२ व ७९ या आकड्यांमधले अंतर अलंकारिक नाही. शंभरात सतरा माणसे. ती कुठल्यातरी घरात दिवाळीला फराळाला बसली होती.

या निबंधांत एक आलेख असतोच. वरून सुरू होऊन पायरी-पायरीने खाली उतरणाऱ्या दोन रेघा. प्रत्येक पायरी म्हणजे मृत्यू. ही पद्धत १९५८ सालची, एडवर्ड कॅप्लान आणि पॉल मायर यांची. दोघांनी एकमेकांच्या नकळत एकाच नियतकालिकाकडे लेख पाठवले आणि संपादकाच्या सूचनेवरून दोघांचा मिळून एक केला गेला. (संपादकाने लेखकावर केलेले असे उपकार आपल्याकडे दुर्मीळ.) त्यांनी सोडवलेला प्रश्न निवेदनाचाच होता. गोष्ट अर्धी असताना जी पात्रे निघून जातात त्यांचे काय करायचे? कुणी गाव सोडले, कुणी यायचा बंद झाला, कुणाची फक्त दोनच वर्षे झाली आहेत. त्यांना मेलेले धरले तर खोटे, जिवंत धरले तरी खोटे. कॅप्लान-मायर म्हणतात, जोवर तो दिसत होता तोवर मोजा, नंतर सोडून द्या. रेघेवर तिथे एक बारीकशी उभी खूण उमटते. मला त्या खुणा पायऱ्यांपेक्षा जास्त वेळ पाहाव्याशा वाटतात. त्या माणसांचे पुढे काय झाले हे निबंधाला माहीत नाही आणि तो तसे प्रामाणिकपणे सांगतो. किती कादंबरीकारांना हे जमते?

बोल्लांच्या निबंधाला एक उलटा प्रश्न विचारता येतो. एवढा फायदा इंजेक्शनचा असेल, तर रेडिएशनची गरजच काय? तो प्रश्न नॉर्वे, स्वीडन आणि डेन्मार्क या देशांनी विचारला. ८७५ पुरुष, सगळ्यांना संप्रेरक-उपचार, निम्म्यांना जोडीला रेडिएशन. २००९ साली निकाल आला. दहा वर्षांत प्रोस्टेटच्या कर्करोगाने मेलेले २३.९ टक्के, रेडिएशनवाल्यांत ११.९. कॅनडा आणि ब्रिटनमधल्या १२०५ पुरुषांच्या चाचणीनेही तेच सांगितले. म्हणजे दोन्ही हवेत. इथवर माझ्या डॉक्टरांशी माझे भांडण नाही.

भांडण कालावधीचे आहे. तीन वर्षे ही बोल्लांनी आधीच ठरवून घेतलेली मुदत होती. दोन किंवा दीड वर्षाशी तुलना करून ती काढलेली नव्हती. हे बोल्लांनाही ठाऊक होते, म्हणून त्यांनीच पुढची चाचणी केली. ९७० पुरुष, सगळ्यांना रेडिएशन आणि सहा महिने इंजेक्शन; मग चिठ्ठी टाकून निम्मे थांबले आणि निम्म्यांनी आणखी अडीच वर्षे घेतले. हा २००९ सालचा निबंध मी किमान दहा वेळा वाचला असेल. त्यातला मुख्य निष्कर्ष मराठीत आणायचा प्रयत्न करून पाहा. ‘कमी मुदतीचा उपचार कमी प्रतीचा नाही, हे सिद्ध करता आले नाही.’ एका वाक्यात दोन नकार आणि दोन ‘कमी’. ही क्लिष्टता मुद्दाम केलेली नाही. चाचणी सुरू करतानाचे गृहीतक असे होते की सहा महिने पुरतील, निदान फार वाईट ठरणार नाहीत. आणि ते गृहीतक कोसळले. सरासरी साडेसहा वर्षांच्या आसपास पाठपुरावा झाला तेव्हा सहा महिन्यांच्या गटात १३२ मृत्यू होते, तीन वर्षांच्या गटात ९८. पाच वर्षांतले मृत्यूचे प्रमाण १९ टक्के आणि १५.२ टक्के. शंभरात चौघांचा फरक.

मी एक वजाबाकी केली. १३२ पैकी ४७ आणि ९८ पैकी २९ मृत्यू प्रोस्टेटच्या कर्करोगाने झालेले. म्हणजे इतर कारणांनी झालेले मृत्यू ८५ आणि ६९. मला वाटले होते की इंजेक्शन जास्त घेणाऱ्यांची हृदये जास्त बंद पडली असतील, आणि तो आकडा घेऊन मी डॉक्टरांसमोर जाऊन बसेन. तसे निघाले नाही. जास्त घेणाऱ्यांत इतर मृत्यूही कमीच होते. पुरावा आपल्या बाजूचा नसला की वाचक किती पटकन पान उलटतो, याचा अनुभव मी त्या दिवशी घेतला. पान परत मागे उलटले आणि आकडा वहीत लिहून ठेवला.

याच निबंधात जगण्याच्या गुणवत्तेचा एक परिच्छेद आहे. ‘एकूण’ गुणवत्तेत दोन्ही गटांत लक्षणीय फरक नव्हता, असे तो सांगतो. आणि त्याच दमात सांगतो की झोप न लागणे, अंगातून वाफा येणे, लैंगिक इच्छा आणि लैंगिक क्रिया यांत फरक होता. माझा मुक्काम या ‘एकूण’पाशी बराच काळ पडला.

हा ‘एकूण’ कसा मिळतो हे सांगायला हवे. त्याच संघटनेची एक तीस प्रश्नांची प्रश्नावली आहे. तिचा मराठी अनुवादही झालेला आहे. बहुतेक प्रश्नांना चार उत्तरे : अजिबात नाही, थोडेसे, बरेच, खूप. शेवटचे दोन प्रश्न निराळे. गेल्या आठवड्यातली तुमची प्रकृती एकूण कशी होती, जगणे एकूण कसे होते, एक ते सात आकड्यांत सांगा. मी घरी बसून ती भरून पाहिली. जगणे एकूण कसे होते? नात आली होती, घावणे झाले होते, पाऊस वेळेवर पडला होता. मी सहा लिहिले. मग लक्षात आले की त्याच आठवड्यात पाच रात्री मी भिजलेला बनियन बदलला होता. कर्करोग झालेला माणूस जिवंत आहे, हीच गोष्ट त्याच्या सातापैकी चार-पाच आकडे खाऊन टाकते. उरलेल्या दोन आकड्यांत त्याचे झोपणे, घाम आणि शय्या मावणार तरी कशी? ‘एकूण’ हा शब्द खोटा नाही. पण बेरजेत दुःखे एकमेकांत मिसळून जातात. ज्याचे त्याला वेगळे मोजावे लागते. बोल्लांच्या बाजूने एवढे म्हटले पाहिजे की त्यांनी ती चार दुःखे नावानिशी छापली. माझ्या डॉक्टरांनी त्यांचे ‘थोडा थकवा’ केले. म्हणजे ते विशेषण मूळ मजकुरात नव्हते.

पौषातल्या एका रात्री, बाहेर चांगली थंडी असताना, मी घामाने न्हाऊन उठून बसलो. आमची ही जागी झाली. “अहो, पंखा लावू का?” म्हणाली. मी सांगितले, पोटातून गरम वाफ उठते आणि डोक्यापर्यंत जाते, मग थंडी वाजते. ती अंधारात हसायला लागली. वीस वर्षांपूर्वी तिला हेच होत होते आणि मी तेव्हा पेपर तपासत बसलेला असे. “मी सांगायचे तेव्हा तुम्ही काय म्हणायचात, आठवतं का?” मला आठवत होते. मी म्हणायचो, थोडं होतंच.

आता एका शब्दाबद्दल. इंग्रजी चाचणी-निबंधांत रक्तातले टेस्टोस्टेरॉन किती खाली गेले म्हणजे उपचार लागू पडला, यासाठी ‘कॅस्ट्रेट पातळी’ अशी संज्ञा वापरतात. रूढ मर्यादा डेसिलिटरला ५० नॅनोग्रॅम. शब्द बैलाला लावतात तोच. गावाकडे बैल ‘बडवतात’. प्रमाण मराठीत ‘खच्ची करतात’. पुढे या शब्दाचे आपण इतके खच्चीकरण केले की कार्यकर्त्यांचे होते, संस्थांचे होते, मराठी शाळांचे होते, आणि मूळ कुठल्या अवयवाशी संबंध होता हे वर्तमानपत्रवाल्याला आठवतही नाही. जेव्हा तो शब्द शब्दशः माझ्याबद्दल खरा ठरला, तेव्हा कुणीच तो उच्चारला नाही. रुग्णालयातल्या कागदावर ‘हार्मोन थेरपी’ असे छापले होते. थेरपी म्हटले की काहीतरी दिले जाते असे वाटते; प्रत्यक्षात घेतले जाते. आपल्याकडे बऱ्याच रुग्णांना खर्चामुळे वृषणे काढण्याचीच शस्त्रक्रिया सुचवली जाते. तिथे निदान काय होणार आहे हे माणसाला कळते. इंजेक्शनवाल्याला पोटाच्या कातडीखाली तांदळाच्या दाण्याएवढी कांडी सरकवून घरी पाठवतात.

शब्द टाळण्याची ही खोड निबंधांत मात्र नाही. अमेरिकेतल्या एका चाचणीत शस्त्रक्रियेनंतर पीएसए पुन्हा दिसू लागलेल्या ७६० पुरुषांना रेडिएशनबरोबर दोन वर्षे बायकॅल्युटमाइडची गोळी किंवा रिकामी गोळी दिली गेली. बारा वर्षांनी जिवंत असलेले ७६.३ टक्के विरुद्ध ७१.३. हा निकाल २०१७ साली आला. त्याच्याच खाली दुसरा आकडा आहे : स्तन वाढलेले पुरुष ६९.७ टक्के विरुद्ध १०.९. दहांतल्या सातांना स्तन आले, शंभरातले पाच अधिक जगले. दोन्ही गोष्टी एकाच निबंधात, एकाच सुरात. मराठी पुरुषांच्या आत्मचरित्रांची मोठी रांग माझ्या कपाटात आहे. त्यांत तुरुंग आहेत, दारिद्र्य आहे, पक्षांतरे आहेत, म्हातारपणी स्वतःच्या छातीकडे आरशात पाहणारा पुरुष मला तरी त्यांत भेटला नाही. तो भेटला एका तक्त्याच्या ओळीत.

हे सगळे युरोप-अमेरिकेतले पुरुष झाले. आपल्याकडचे काही आहे का, असे विचारणाऱ्यांसाठी एक निबंध आहे आणि तो चांगला आहे. मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये वेदांग मूर्ती आणि सहकाऱ्यांनी २०११ ते २०१७ या काळात २२४ पुरुषांवर केलेली चाचणी २०२१ साली प्रसिद्ध झाली. प्रश्न साधा होता : रेडिएशन फक्त ग्रंथीला द्यायचे की ओटीपोटातल्या लसिकाग्रंथींनाही? या प्रश्नावर अमेरिकेत जुना वाद होता आणि जुन्या चाचण्यांनी नीट उत्तर दिले नव्हते. टाटामध्ये लसिकाग्रंथींत आजार असण्याचा धोका खरोखरच मोठा असलेले रुग्ण निवडले. सगळ्यांना किमान दोन वर्षे संप्रेरक-उपचार दिला. पाच वर्षांनी पीएसए न वाढलेले पुरुष ९५ टक्के, नुसत्या ग्रंथीवाल्यांत ८१.२. मात्र जिवंत असलेल्यांच्या प्रमाणात फरक नाही : ९२.५ आणि ९०.८. आणि लघवीचे उशिरा उद्भवणारे त्रास मोठ्या क्षेत्रवाल्यांत दुपटीहून जास्त, २० टक्के विरुद्ध ८.९.

या निबंधाबद्दल दोन शब्द अधिक लिहायला हवेत, कारण माझे पंचवीस लाईट त्याच धर्तीवर झाले. पीएसए वाढणे याला या प्रकारात ‘जैवरासायनिक अपयश’ म्हणतात, आणि ते कधी झाले म्हणायचे हेही ठरवून घ्यावे लागते. सध्याचा संकेत असा की सर्वांत खालच्या आकड्यापेक्षा २ वर गेला की अपयश. म्हणजे त्या माणसाला काहीही दुखत नाही, तो बाजारात जाऊन भाजी आणतो, पण कथेच्या भाषेत तो पडला. या घटनेला मृत्यूच्या जागी बसवायचे का, हा खरा टीकेचा मुद्दा आहे. घाईत बसवणारे निबंध पुष्कळ आहेत. टाटाच्या निबंधाने ते केले नाही. आकडे शेजारी-शेजारी ठेवले, जगण्यात फरक नाही हेही लिहिले, लघवीचेही लिहिले. एकाच रुग्णालयातली चाचणी, माणसे थोडी, ही मर्यादा आहेच. पण ती पाच आठवडे रोज सकाळी भरलेले मूत्राशय सांभाळत बाकावर बसणाऱ्या माणसांची चाचणी आहे, आणि त्या बाकाची मला माहिती आहे. लाईटच्या वेळी मूत्राशय भरलेले आणि आतडे रिकामे लागते. पाणी पिऊन बसावे तर मशीन बंद पडते. माझ्या शेजारी रोज एक निवृत्त एसटी कंडक्टर बसत, ते म्हणत, “सर, पुढचा स्टॉप कितीला?”

गेल्या फाल्गुनात सहा इंजेक्शने पूर्ण झाली, म्हणजे अठरा महिने. सातवे घ्यायचे की नाही, हा प्रश्न आता वाचनाचा उरला नव्हता.

माझ्यासमोर दोन निबंध होते. पहिला बॉस्टनच्या अँथनी डीअ‍ॅमिको यांचा, २००८ सालचा. २०६ पुरुष, रेडिएशन एकटे किंवा जोडीला सहा महिने संप्रेरक-उपचार. एकूण मृत्यू ४४ विरुद्ध ३०. उपचाराचा फायदा स्पष्ट. मग त्यांनी पुरुषांची दुसऱ्या आजारांप्रमाणे वाटणी केली. ज्यांना दुसरा गंभीर आजार नव्हता त्यांच्यात ३१ विरुद्ध ११. ज्यांना हृदयविकारासारखा मध्यम किंवा तीव्र आजार होता त्यांच्यात १३ विरुद्ध १९, म्हणजे पारडे उलटे. माझा स्टेंट त्या शेवटच्या दोन आकड्यांत जाऊन बसला. पण इथे वाचकाने सावध राहावे. बत्तीस मृत्यूंवर केलेली ही पोटवाटणी आहे. संख्याशास्त्राच्या कसोटीवर तो फरक ठामपणे उतरत नाही. आणि बोल्लांच्या चाचणीतली ती वजाबाकी माझ्या वहीत लिहिलेलीच होती. ज्या पोटवाटणीत आपण स्वतः बसतो तिच्यावर विश्वास ठेवावासा वाटणे हा वाचकाचा सर्वांत जुना दोष. कादंबरीतले एखादे पात्र आपल्यासारखे निघाले की ती कादंबरी आपण थोर ठरवतो.

दुसरा निबंध कॅनडातल्या क्यूबेकचा, अब्देनूर नबीद यांचा, २०१८ सालचा. ६३० पुरुष, माझ्यासारखेच जास्त धोक्याचे. १८ महिने विरुद्ध ३६ महिने. दहा वर्षांनी दोन्ही गटांत जिवंत असलेले ६२ टक्के. जगण्याच्या गुणवत्तेच्या अनेक प्रश्नांत १८ महिनेवाले बरे. वाचताच मी निबंध मिटून ठेवला असता, पण दोन गोष्टी राहून गेल्या असत्या. एक, दोन्ही मुदती सारख्याच आहेत हे सिद्ध करण्यासाठी लागणारी आखणी या चाचणीची नव्हती. फरक न सापडणे आणि फरक नसणे यांत अंतर आहे. दोन, ३६ महिन्यांच्या गटातल्या निम्म्याहून थोड्याच जास्त पुरुषांनी पूर्ण मुदत घेतली. बाकीचे मध्येच थांबले. म्हणजे तुलना अंशतः थोड्या घेणाऱ्यांची आणि थोड्या घेणाऱ्यांचीच झाली. टीकाकार हे निबंधाचे वैगुण्य म्हणून सांगतात आणि त्यांचे बरोबर आहे. मला मात्र त्या थांबलेल्या पुरुषांत निबंधातले एकमेव वाक्य ऐकू येते. शंभर पानांत ज्यांना तोंड नाही त्यांनी इंजेक्शनला न जाऊन तेवढे म्हटले.

डॉक्टरांकडे मी दोन्ही निबंध घेऊन गेलो. त्यांनी चश्मा काढला. रागावले नाहीत. म्हणाले, “हे तुम्ही वाचलंत?” मग म्हणाले की २०२२ साली बारा चाचण्यांतल्या दहा हजारांहून जास्त पुरुषांची माहिती एकत्र करून पाहिली, तीत रेडिएशननंतरचा दीर्घ उपचार फायद्याचाच दिसतो. मी म्हटले, तोही वाचला आहे. त्यात दीर्घ म्हणजे कुठे १८ महिने, कुठे २८, कुठे ३६, सगळे एका शब्दाखाली आहे. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग पहिल्यांदाच त्यांनी विचारले की झोप कशी आहे, जिना चढताना छातीत काही होते का, आणि घरी कसे चालले आहे. घरी या शब्दानंतर ते थांबले आणि मीही थांबलो. दोघांनाही तो प्रश्न कळला होता. त्यासाठी लागणारी भाषा दोघांकडेही नव्हती.

“तीनच वर्षं घ्या असं मी म्हणेन,” ते शेवटी म्हणाले, “पण तुम्ही थांबलात तर तुम्ही चुकलात, असं म्हणायला माझ्याकडे कागद नाही.”

मी सातवे इंजेक्शन घेतले नाही. हे कुणी उदाहरण म्हणून घेऊ नये. शंभरातल्या चौघांत मी नसेनच असे मला सांगणारा निबंध छापला गेलेला नाही. ज्येष्ठात पीएसए ०.०४ होता, भाद्रपदातही तेवढाच. टेस्टोस्टेरॉन अजून तळाशीच आहे. इतकी मुदत घेतलेल्या म्हाताऱ्या माणसांत ते वर यायला कधी महिने लागतात, कधी वर्षे, आणि काहींत ते परत येतच नाही. रात्रीच्या वाफा आठवड्याला पाचवरून दोनवर आल्या आहेत. त्याची वेगळी नोंद मी ठेवतो, तारखेसकट, एकूण न काढता. पुढची तपासणी मार्गशीर्षात आहे.